किलोमीटर नको, तास मोजा
(इंदूरमध्ये दिलेल्या व्याख्यानाचं संपादित रूप)

नमस्कार मंडळी. पत्रिकेवर विषय छापलाय, ‘छोटी टर्बो इंजिनं किती टिकतात?’ तिथे पोचूच. त्याआधी ही इंजिनं आपल्या दारात आली कशी, ते दोन वाक्यांत. २००६ च्या अर्थसंकल्पात चार मीटरच्या आतल्या, १२०० सीसीपर्यंतच्या पेट्रोल गाड्यांचं उत्पादन शुल्क २४ टक्क्यांवरून १६ वर आलं आणि ती चौकट अजून सुटलेली नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये जीएसटी १८ टक्के झाला तोही याच मापाच्या गाड्यांना. त्यात २०२० साली बीएस-सिक्स हे धुराचे कडक निकष आले आणि छोटी डिझेल इंजिनं परवडेनाशी झाली. माप वाढवता येत नाही, ताकद तर हवी, म्हणून टर्बो, म्हणजे धुराच्या जोराने फिरून इंजिनात जास्त हवा कोंबणारा पंखा. साधं बाराशेचं इंजिन ११५ न्यूटन-मीटरच्या आसपास टॉर्क, म्हणजे ओढायची ताकद, देतं, टर्बोवालं हजाराचं १७० च्या वर, आणि तेही खालच्या आरपीएमला, म्हणजे इंजिनाच्या मिनिटाला कमी फेऱ्यांवर. गाडी भरलेली असताना भेरू घाट चढलात की फरक कळतो. मला ही इंजिनं मनापासून आवडतात.

माझं भांडण आहे ते सर्व्हिसच्या पुस्तकात इंजिनाचं तेल कधी बदलायचं ते सांगणाऱ्या एका ओळीशी. ‘दहा हजार किलोमीटर किंवा एक वर्ष.’

आमच्या भावोजींचं घर सुदामा नगरला, दुकान राजवाड्यापाशी. सकाळी जायचं, दुपारी जेवायला घरी यायचं, वामकुक्षी, मग परत दुकान. इंदूरचा जुना दुकानदार हा नेम मोडत नाही आणि मोडूही नये. पण गाडीचं काय होतं बघा. चार-पाच किलोमीटरची फेरी, तीही गर्दीत रांगत. तेल नीट तापायच्या आत इंजिन बंद. वर्षाला सहा हजार किलोमीटरसुद्धा होत नाहीत, म्हणून सर्व्हिस वर्षातून एकदा. पुस्तकाप्रमाणे अगदी चोख. आणि ५० हजार व्हायच्या आत गाडी शिट्टी मारायला लागली, मग मागून निळा धूर.

सर्व्हिस सेंटरवाले म्हणाले, टर्बो गेला. वॉरंटी संपलेली. नवा टर्बो बसला, बिल भरलं. काही महिन्यांत तोही गेला! आता काउंटरवरचा मुलगा म्हणतो, तुमची चालवायची पद्धत चुकीची आहे. जो माणूस उभ्या आयुष्यात चाळिसाच्या वर गेला नाही, त्याला! त्याच बिलात इंजिन फ्लश, कार्बन क्लीनिंग, गाडीच्या पोटाला कोटिंग, सगळं लावलेलं होतं. लावायचं ते मात्र कुणी लावलं नव्हतं.

मग गाडी आमच्या ओळखीच्या उस्तादांकडे नेली. मी समोर उभा होतो. टर्बोला तेल नेणारी एक बारीक नळी असते, तिच्या टोकाला मधोमध भोक असलेला बोल्ट. उस्तादांनी तो काढला, पुसला, माझ्या हातात दिला. भोकातून टाचणी जाईना. आत काळा, कडक थर बसलेला. तेलाचा चेंबर उतरवला, तर जाळीवर ग्रीससारखा गाळ. जुन्या टर्बोची दांडी अंगठा आणि बोटात धरून हलवली, तर ती खुळखुळली. उस्ताद एवढंच म्हणाले, ‘तेल पहुँचा ही नहीं, साहब.’ म्हणजे टर्बो बदलला, पण नळी तीच, बोल्ट तोच, जाळी तीच. दुसरा टर्बो मरणारच होता. टर्बो कुणाचाही असो, कुठेही बदलून घ्या, पण नळी नवी आणि जाळी साफ हवी, आणि दोन्ही जॉबकार्डावर लिहून घ्या.

एक ध्यानात घ्या, टर्बोची दांडी मिनिटाला दोन लाख फेऱ्यांपर्यंत जाते. तिला आधार फक्त तेलाच्या पातळ थराचा. शेजारून नऊशे अंशांच्या वरचा धूर जातो. अशा ठिकाणी तेल हीच खरी बेअरिंग.

आता हिशोब करू. मालव्यात ज्याची शेती आहे त्याला विचारा, ट्रॅक्टरचं तेल कधी बदलतोस? तो किलोमीटर सांगणार नाही, तास सांगेल. साधारण अडीचशे. जनरेटरलाही तोच नियम. भावोजींची गाडी सहा हजार किलोमीटर चालली, सरासरी ताशी पंधराने. म्हणजे ४०० तास. आणि तेल कोरं समजायचं, कारण दहा हजार झाले नाहीत? उलट इंदूर–भोपाळ करणारी टॅक्सी ताशी साठने दहा हजार किलोमीटर १६७ तासांत काढते, आणि तेल सतत गरम असल्यामुळे त्यातलं पाणी आणि पेट्रोल उडून जातं. आठवा ती १.३ लिटरची डिझेल डिझायर. तीही छोटं टर्बो इंजिनच होती! टॅक्सीवाल्यांनी तिला लाखो किलोमीटर पळवलं. डिझेलचा धूर पेट्रोलपेक्षा थंड, हेही कारण आहेच, पण लांब पल्ला हे माझ्या मते मोठं कारण.

तुमच्या गाडीच्या पडद्यावर सरासरी वेग दिसतो. तेल बदललं की तो शून्यावर आणा. पुढे तेल बदलल्यापासूनच्या किलोमीटरला त्या वेगाने भागा, तास मिळाले. बहुतेक गाड्यांत सिग्नलवर उभं राहिलेला वेळही त्यात धरलेला असतो. अडीचशेला तेल बदला. शहरात ते साधारण सहा महिन्यांत येतं. पुस्तकातच मागे ‘खडतर वापर’ म्हणून वेगळं कोष्टक असतं, ते वाचा. आपलं रोजचं चालवणं त्यात बसतं.

अध्यक्ष घड्याळ दाखवताहेत, तेव्हा मूळ विषय भराभर. पेट्रोलमधल्या इथेनॉलचं कुणी विचारू नका, त्याला वेगळी संध्याकाळ लागेल.

घाट किंवा हायवे करून आलात की लगेच चावी फिरवू नका. मिनिटभर इंजिन चालू ठेवा. गॅस बंद केल्यावर तापल्या कढईला तेल जळून चिकटतं, तसं टर्बोत होतं. पाण्याने थंड होणाऱ्या टर्बोत धोका कमी, पण मिनिटाला काही पैसे पडत नाहीत.

चढावर वरच्या गिअरमध्ये, पंधराशे आरपीएमला, पाय दाबून ओढू नका. तेल-पेट्रोलचा थेंब ठिणगीच्या आधीच पेट घेतो आणि पिस्टन फुटू शकतो. गिअर खाली घ्या. तेलाच्या डब्यावर ‘एपीआय एसपी’ हा दर्जा लिहिलाय का बघा. २०२० साली आलेल्या या दर्जात अशा अवेळी पेटण्याची चाचणी आहे. ड्रममधलं तेल नको, सीलबंद डबा समोर फोडायला सांगा.

थेट सिलिंडरमध्ये पेट्रोल सोडणाऱ्या इंजिनात हवा आत घेणारे इनटेक व्हॉल्व्ह पेट्रोलने धुतले जात नाहीत, कार्बन साठतो. लाखभर किलोमीटरनंतर सफाईची तयारी ठेवा. काही इंजिनांत व्हॉल्व्ह उघडण्याची वेळ सांभाळणारा टायमिंग बेल्ट तेलात बुडालेला असतो. फोर्डचं एक लिटरचं इकोबूस्ट २०१२ ते २०१४ सलग तीनदा ‘इंटरनॅशनल इंजिन ऑफ द इयर’ ठरलं, आणि पुढे त्याच बेल्टचे तुकडे तेलाच्या जाळीत अडकायला लागले. असा बेल्ट असेल तर तेलाच्या ग्रेडमध्ये तडजोड नाही.

मग टिकतात किती? तेल तासांवर बदललं तर दीड-दोन लाख किलोमीटर, असं मी न कचरता सांगतो. टर्बो मधे एकदा बदलावा लागला तरी इंजिन गेलं असं होत नाही. आणि जुनी टर्बो गाडी घेताना रंग, टायर नंतर बघा. आधी तेलाची बिलं मागा, ग्रेड आणि तारखेसकट. बिलं नसतील तर किंमत कितीही कमी सांगोत, घेऊ नका.