हजार गुण आणि खराखुरा रणगाडा

नमस्कार श्रोतेहो.

युद्धाच्या चित्रपटात चार विनोद पेरणं फारसं अवघड नसतं. अवघड असतं ते प्रेक्षक हसत असतानाच त्याच्या घशाशी आवंढा आणणं. हे नेमकं कसं साधतं, ते आज एका इटालियन चित्रपटाच्या आधाराने पाहू. रॉबेर्तो बेनिन्यी यांचा ‘लाइफ इज ब्यूटिफुल’. साल १९९७. कथा बेनिन्यी आणि विन्चेन्झो चेरामी या दोघांनी मिळून लिहिली. ग्विदोची भूमिका स्वतः बेनिन्यींनी केली आणि दोराची त्यांच्या पत्नीने, निकोलेत्ता ब्रास्की यांनी.

गोष्ट अगदी थोडक्यात. ग्विदो हा इटलीतला ज्यू, विनोदी आणि हजरजबाबी माणूस. दोरा ज्यू नाही. त्यांचा लहान मुलगा जोझुए. इटलीत ज्यूंविरुद्धचे वंशभेदाचे कायदे आले १९३८ साली. सप्टेंबर १९४३ मध्ये इटलीने शरणागती पत्करल्यावर जर्मनांनी देशाचा मोठा भाग ताब्यात घेतला, आणि तिथल्या ज्यूंना गाड्यांत भरून छळछावण्यांत न्यायला सुरुवात झाली. ग्विदो आणि जोझुएही अशाच एका गाडीत चढवले जातात. दोराला कोणी धरलेलं नसतं. ती स्वतःहून त्या गाडीत चढते. छावणीत बाप मुलाला सांगतो, की हा सगळा एक खेळ आहे. जो आधी १००० गुण मिळवेल त्याला बक्षीस म्हणून खराखुरा रणगाडा!

आता एक प्रसंग जरा जवळून पाहू. बराकीत जर्मन पहारेकरी येतो आणि विचारतो, जर्मन कोणाला येतं? ग्विदोला जर्मनचा ओ की ठो कळत नाही, तरी तो हात वर करून पुढे होतो. पहारेकरी छावणीचे नियम ओरडून सांगतो आणि ग्विदो त्याच आवाजात, तसेच हातवारे करत ‘भाषांतर’ करतो. पहारेकरी तीन बोटं दाखवतो, की ग्विदोही तीन बोटं दाखवतो : तीन गोष्टी केल्यात तर गुण गेले. एक, रडलात तर. दोन, आईकडे जायचा हट्ट धरलात तर. तीन, भूक लागली म्हणून खाऊ मागितलात तर. आपल्याकडे मुलं ‘रडीचा डाव खडी’ म्हणतात ना, तोच हा नियम. पण इथे रडू आलं तर खरोखरच जीव जाणार आहे.

या प्रसंगात कोणाला काय ठाऊक आहे, ते नीट पाहा. मुलाला फक्त खेळ ठाऊक आहे. बापाला शब्द कळत नसले तरी अर्थ पुरता कळलाय. आजूबाजूचे कैदी गोंधळून एकमेकांकडे बघतायत. आणि आपल्याला, म्हणजे प्रेक्षकाला, या सगळ्यांचं सगळंच कळतंय. हसू येतं ते मुलाच्या बाजूने, पोटात गोळा येतो तो बापाच्या बाजूने, आणि दोन्ही एकाच वाक्यावर. या पायऱ्यांतली एक जरी निसटली, समजा मुलाला खरं कळलं, तर उरेल नुसतं दुःख. प्रेक्षकाला विसर पडला, तर उरेल नुसता फार्स.

दुसरी गोष्ट पेरणीची. पहिला जवळजवळ तासभर हा चित्रपट निखळ प्रेमकथा आहे, सायकल, टोप्या, कोडी, अंड्यांचा चिखल. काही प्रेक्षक इथे कंटाळतात. पण नंतरच्या तासाचं सगळं बी इथेच पेरलेलं असतं. घरी जोझुएला अंघोळीचा कंटाळा असतो. अंघोळ टाळायला तो एका लहानशा कपाटात दडून बसतो. आपण हसतो आणि विसरून जातो. पुढे छावणीत मुलांना ‘अंघोळीला’ बोलावतात. जोझुए नेहमीच्या कंटाळ्याने जात नाही, म्हणून वाचतो. ती ‘अंघोळ’ म्हणजे विषारी वायूची कोठडी होती, हे त्याला तेव्हा कळत नाही. संगीतकार ऑफेनबाखच्या ऑपेरातल्या ‘बार्कारोल’ या गाण्याचंही तसंच. आधी ते नाट्यगृहात वाजतं, तेव्हा ग्विदो खाली बसून दोराकडे टक लावून पाहत असतो. नंतर छावणीत अधिकाऱ्यांच्या जेवणावळीत वाढताना तो ग्रामोफोनचा कर्णा खिडकीबाहेर वळवतो, आणि तेच सूर अंधारातून बायकांच्या बराकीपर्यंत पोचतात. बोलायला परवानगी नसलेल्या नवऱ्याने ‘मी जिवंत आहे’ एवढं कळवण्याची याहून सुंदर रीत मला तरी पडद्यावर दुसरी आठवत नाही.

मरण दाखवताना मात्र बेनिन्यी हात आखडता घेतात, आणि ते फार बरं करतात. शेवटच्या रात्री सैनिक ग्विदोला घेऊन जातो. मुलगा लोखंडी पेटीत लपून फटीतून बघतोय. बाप त्याला डोळा मारतो आणि लष्करी चालीची नक्कल करत, ताठ पाय टाकत पुढे जातो. दोघे कोपऱ्याआड वळतात. फक्त गोळ्यांचा आवाज येतो. सैनिक एकटाच परत येतो. कॅमेरा तिकडे गेला असता तर बापाने मुलासाठी उभारलेलं नाटक तिथेच मोडलं असतं.

हे सगळं बिघडतं कुठे? विनोद कैद्यांच्या हालांवर झाला की बिघडतं. विनोदवीराला स्वतःचं कसब दाखवायचा मोह झाला की बिघडतं. या चित्रपटावरही आक्षेप आहेत, आणि ते हसण्यावारी नेण्यासारखे नाहीत : छावणी फार स्वच्छ दिसते, लहान मूल इतके दिवस लपून राहील हे पटत नाही. म्हणूनच चित्रपट सुरुवातीलाच सांगतो, की ही एक परीकथेसारखी गोष्ट आहे, आणि छावणीचं नाव कुठेच घेत नाही. चार्ली चॅप्लिन यांनी १९४० साली हिटलरची टिंगल करणारा ‘द ग्रेट डिक्टेटर’ केला. छळछावण्यांची खरी भीषणता तेव्हा ठाऊक असती तर तो करू शकलो नसतो, असं त्यांनी पुढे आत्मचरित्रात लिहिलं. बेनिन्यींना तर सगळं ठाऊक असूनच हे करायचं होतं.

जाता जाता २०१९चा ‘जोजो रॅबिट’. दिग्दर्शक तायका वायटिटी. हिटलरच्या काळातला दहा वर्षांचा जर्मन मुलगा जोजो आणि त्याची हसरी, नाचरी आई. जोजोला बुटांच्या नाड्या बांधता येत नाहीत. नदीकाठी आई कठड्यावरून चालत असते, तेव्हा तिचे दोन रंगांचे बूट नेमके त्याच्या डोक्याच्या उंचीवर दिसतात. पुढे एका फुलपाखरामागे जाता जाता तो उठून उभा राहतो, आणि बाजूला अधांतरी तेच बूट, फासावर लटकवलेल्या आईचे. चेहरा दाखवतच नाहीत. तो तिच्या बुटाची सुटलेली नाडी बांधायला जातो. जमत नाही.

आता पुन्हा जोझुएकडे. सकाळी छावणी रिकामी झालीय. पेटीतून बाहेर आलेल्या मुलासमोर खरोखरच अमेरिकन रणगाडा येऊन थांबतो. सैनिक त्याला वर बसवतो. वाटेत मुक्त झालेल्या कैद्यांच्या घोळक्यात त्याला आई दिसते. तो धावत जाऊन तिला बिलगतो आणि ओरडतो, ‘आपण जिंकलो!’ आई हसत, रडत म्हणते, ‘हो, जिंकलो.’ गुणांचं तिला काही ठाऊक नाही. बाबांचं त्याला काही ठाऊक नाही. चित्रपट तिथेच थांबतो.

नमस्कार.