टेझर केव्हा काढायचा?

मित्रहो, टेझर म्हणजे विजेचा झटका देऊन माणसाला पाडणारे पोलिसांचे शस्त्र. त्यावर वाद सुरू झाला की पहिला प्रश्न हमखास येतो: या झटक्याने माणूस मरतो की नाही? दोन्ही बाजू आपापले डॉक्टर घेऊन उभ्या राहतात आणि चर्चा तिथेच अडकते. मला आज दुसरा प्रश्न मांडायचा आहे. पोलिसाने टेझर काढायचा केव्हा? आपण कॅनडातल्या ज्या प्रांतात राहतो त्या ब्रिटिश कोलंबियाने याचे उत्तर शोधले, पण एका माणसाचा जीव गेल्यानंतर. म्हणून ती हकीकत आपल्याला नीट माहीत असायला हवी.

रॉबर्ट जेकान्स्की ४० वर्षांचे होते. १३ ऑक्टोबर २००७ला दुपारी ते पोलंडहून व्हँकुव्हर विमानतळावर उतरले. आयुष्यातला पहिलाच विमानप्रवास, आणि पोलिशशिवाय दुसरी भाषा येत नव्हती. आई कॅमलूप्सहून न्यायला आली होती. मुलगा आत, आई बाहेर, आणि मध्ये विचारपूस करून दोघांची गाठ घालून देणारे कुणी नाही. मुलगा आलेलाच नाही असे समजून ती माउली परत गेली. तो मात्र सुमारे दहा तास त्याच इमारतीत होता. आपल्यातल्या कितीतरी जणांचे आईवडील असेच इथे उतरतात, मुलाचा नंबर लिहिलेली चिठ्ठी पर्समध्ये जपून ठेवून. त्यामुळे ही गोष्ट मला कधीच परक्या माणसाची वाटली नाही.

मध्यरात्रीनंतर जेकान्स्की बिथरले. खुर्च्या हलवल्या, एक कॉम्प्युटर फेकला. आरसीएमपीचे, म्हणजे कॅनडाच्या केंद्रीय पोलीस दलाचे, चार जण आले. ते पोहोचल्यापासून साधारण अर्ध्या मिनिटात पहिला झटका बसला. त्या वेळी जेकान्स्कींच्या हातात स्टेपलर होता. एकूण पाच वेळा चाप ओढला गेला. त्यांनी तिथेच प्राण सोडला.

हे सगळे एका प्रवाशाने कॅमेऱ्यात टिपले होते. त्याने ते चित्रीकरण विश्वासाने पोलिसांना दिले आणि परत मिळवताना त्याला वकील गाठावा लागला. नोव्हेंबरमध्ये ते लोकांसमोर आले, तेव्हा पोलिसांनी आधी सांगितलेली हकीकत आणि पडद्यावर दिसणारी घटना यांचा मेळ बसेना. पुढे चारपैकी दोघांना चौकशी आयोगासमोर खोटी साक्ष दिल्याबद्दल शिक्षा झाली, आणि २०१७मध्ये कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने ती कायम ठेवली. लक्षात घ्या, शिक्षा झाली ती खोटे बोलल्याची. चाप ओढल्याबद्दल कुणावर खटलाच चालला नाही. मला हे आजही सलते.

या मृत्यूनंतर नेमलेल्या निवृत्त न्यायमूर्ती थॉमस ब्रेडवूड यांच्या आयोगाने या शस्त्राची मुळापासून तपासणी केली. टेझरमधून तारांना जोडलेले दोन काटे सुटतात आणि कपड्यांत किंवा कातडीत रुततात. त्यानंतर एका वेळी पाच सेकंद विजेचे ठोके बसतात. स्नायू आखडतात आणि माणूस कोसळतो. चाप पुन्हा ओढला की पुन्हा तेच. छातीजवळून गेलेल्या प्रवाहाने हृदयाचे ठोके जीवघेणे बिघडू शकतात, असा निष्कर्ष आयोगाने २००९च्या अहवालात काढला. उत्पादक कंपनी त्या अहवालाविरुद्ध न्यायालयात गेली आणि हरली.

तरीही ब्रेडवूड यांनी बंदीची शिफारस केली नाही. हे शस्त्र पोलिसांकडे असलेलेच बरे, असे त्यांचे मत होते. मला ते पटते. हातात सुरा घेऊन अंगावर धावून येणाऱ्या माणसासमोर पोलिसाकडे फक्त पिस्तूल असेल, तर काय होईल हे उघड आहे. १९९८च्या सुमारास व्हिक्टोरियाच्या पोलिसांनी कॅनडात टेझर प्रथम आजमावला, तेव्हा लोकांना हेच पटवून दिले गेले होते: गोळीऐवजी झटका.

गोळीऐवजी, हे मान्य. पण वापर हळूहळू पसरत गेला. आरसीएमपीविरुद्धच्या तक्रारी पाहणाऱ्या आयोगानेच डिसेंबर २००७मध्ये हे नोंदवले: कुणाला धोका नसतानाही, नुसते ऐकत नाही म्हणून टेझर वापरला जाऊ लागला होता. म्हणजे तो बंदुकीच्या जागी येण्याऐवजी बोलण्याच्या जागी आला. पाच मिनिटे थांबायचे, दुभाषा शोधायचा, हात खाली ठेवून खुणेने बोलायचे, ही सगळी मेहनत वगळता येऊ लागली. आणि अशा वेळी समोर असतो तो भाषा न कळणारा, नशेतला, किंवा मन ताळ्यावर नसलेला माणूस. त्याला हुकूम समजतच नाही, मग तो पाळणार कसा?

ब्रेडवूड यांनी रेघ इथेच ओढली. समोरचा माणूस कुणाला शारीरिक इजा करत असेल किंवा करण्याच्या बेतात असेल, आणि शांत करण्याचा किंवा त्याहून सौम्य असा कुठलाही मार्ग चालणार नसेल, तरच टेझर. पाच सेकंदांपलीकडे जायचे तर त्याला वेगळे कारण हवे. प्रांताच्या सरकारने हे स्वीकारले आणि २०१२पासून प्रांतभर नियम लागू झाले. पोलिसांच्या हातून कुणी मेले किंवा गंभीर जखमी झाले, तर तपास पोलिसांनी स्वतः न करता स्वतंत्र कार्यालयाने करायचा, हेही त्याच वर्षी सुरू झाले.

आता व्हँकुव्हरजवळच्या सरे शहराबद्दल. नोव्हेंबर २०२४पासून तिथली जबाबदारी आरसीएमपीकडून शहराच्या स्वतःच्या पोलीस दलाकडे आली आहे. या दलावर पोलीस मंडळ आहे आणि त्याच्या जाहीर बैठकाही होतात. तिथे जाऊन विचारा: वर्षभरात टेझर किती वेळा नुसता रोखला आणि किती वेळा चालवला? समोरच्याला इंग्रजी येत होते का? दुभाषा फोनवर घेण्याची सोय किती गाड्यांत आहे? शस्त्र स्वतःच प्रत्येक चापाची वेळ नोंदवून ठेवते, ती नोंद अधिकाऱ्याच्या अहवालाशी कोण ताडून पाहतो? पंजाबी आणि फिलिपिनो शेजाऱ्यांनाही बरोबर न्या, कारण त्यांचेही आईवडील याच विमानतळावर उतरतात.