जलसंजीवनी आणि पाण्याचा पंप

नमस्कार श्रोतेहो.

सत्तरीच्या घरातल्या श्रोत्यांना पाच पैशांचं ते जादा तिकीट आठवत असेल. १९७१ च्या नोव्हेंबरपासून टपालावर नेहमीच्या तिकिटाशेजारी निर्वासितांच्या मदतीसाठी ते चिकटवावं लागे. पूर्व पाकिस्तानात, म्हणजे आजच्या बांगलादेशात, २५ मार्चला लष्करी कारवाई सुरू झाली आणि त्या वर्षात जवळजवळ १ कोटी माणसं सीमा ओलांडून भारतात आली. पोरं कडेवर, गाठोडं डोक्यावर, ऐन पावसाळ्यात चालत. गोळ्या चुकवून ती इकडे पोहोचली आणि इथे कॉलऱ्याने त्यांना गाठलं.

कॉलऱ्याचा जंतू आतड्यात विष सोडतो. तांदळाच्या धुवणासारखे जुलाब सुरू होतात, अंगातलं पाणी आणि मीठ भराभर निघून जातं, आणि धडधाकट माणूस काही तासांत दगावतो. शिरेतून सलाईन दिलं की तो वाचतो, हे तेव्हाही ठाऊक होतं. पण हजारो माणसांना पुरेल एवढं सलाईन आणायचं कुठून आणि लावायचं कुणी?

सीमेवरच्या बनगाव इथल्या रुग्णालयात जूनच्या अखेरीस डॉ. दिलीप महालनबीस पोहोचले. दोन खोल्या, खाली फरशीवर रुग्ण, आणि सलाईन लावायचं तर त्यांच्या उलटी-जुलाबात गुडघे टेकून बसावं लागे. साठा संपत आला, तेव्हा त्यांनी मीठ, खाण्याचा सोडा आणि ग्लुकोज पाण्यात कालवून तोंडाने पाजायचं ठरवलं. ग्लुकोज आतड्यातून शोषलं जाताना मिठालाही सोबत नेतं आणि त्यामागे पाणी जातं, हे प्रयोगशाळेत सिद्ध झालेलं होतं. मात्र साथीत, छावणीत, नर्सशिवाय हे जमेल यावर तज्ज्ञांचा विश्वास नव्हता. कोलकात्यात पूड मोजून प्लास्टिकच्या पिशव्यांत भरायची, गरम इस्त्रीने पिशवीचं तोंड बंद करायचं, बनगावला पाण्याच्या पिंपात ती कालवायची. पाजायचं काम आईने, भावाने, जो जवळ असेल त्याने करायचं. सुरुवातीला तिथे ३० टक्क्यांच्या आसपास रुग्ण दगावत होते. ते प्रमाण ४ टक्क्यांच्याही खाली आलं. आणि आपल्या रेडिओवाल्यांना अभिमान वाटावा अशी गोष्ट म्हणजे हे मिश्रण कसं करायचं ते बांगलादेशी मुक्तिसंग्रामाच्या गुप्त रेडिओ केंद्रावरूनही सांगण्यात आलं. आज आशाताई घरोघर देतात ती जलसंजीवनीची पुडी त्याच वाटेने आली. महालनबीसांना पद्मविभूषण मिळालं ते २०२३ मध्ये, मरणोत्तर. उशीर झालाच.

आता येमेनकडे या. पन्नासएक वर्षांचा अनुभव गाठीशी, पुडी जगभर स्वस्तात मिळते. तरीही २०१७ साल संपता संपता तिथे कॉलऱ्याच्या संशयित रुग्णांचा आकडा १० लाखांवर गेला. दोन हजारांहून अधिक माणसं मेली. खरं तर उपचार मिळाले तिथे वाचण्याचं प्रमाण फार चांगलं होतं. मग दहा लाख लोक आजारी पडलेच कसे?

याचं उत्तर दवाखान्यात सापडत नाही. २०१५ पासून युद्ध पेटलेलं. सना या राजधानीत वीज नाही, इंधन नाही, म्हणून एप्रिल २०१७ मध्ये सांडपाण्याची यंत्रणा बंद पडली आणि पुढच्या काही दिवसांतच रुग्णांची रीघ लागली. सुमारे ३० हजार आरोग्य कर्मचाऱ्यांना जवळपास दहा महिने पगार नव्हता. होदेइदा बंदरातल्या माल उतरवायच्या क्रेन २०१५ च्या हवाई हल्ल्यांत निकामी झाल्या होत्या, आणि येमेनचं बहुतेक अन्न बाहेरून येतं. पोटात अन्न नसलेल्या मुलाला जुलाब लागले की काय होतं, हे मेळघाट पाहिलेल्या कुणाला सांगायला नको.

यातली बरीच माणसं युद्धातल्या मृतांच्या आकड्यांत येत नाहीत. बॉम्बने मेलेला मोजला जातो. पंप बंद पडल्यावर पंधरा दिवसांनी मेलेलं मूल 'आजाराने मेलं' असं होतं. मला हा हिशेबच खोटा वाटतो. पिण्याच्या पाण्याची व्यवस्था नष्ट करायला युद्धाचे नियम ठरवणाऱ्या जिनिव्हा करारांच्या १९७७ च्या पहिल्या पुरवणी कराराने, त्यातल्या ५४ व्या कलमाने मनाई केलेली आहे. कायदा करणाऱ्यांना यातली मेख कळली होती. पण बॉम्ब न टाकताही, डिझेल अडवून आणि पगार थकवून तोच परिणाम साधतो, आणि त्यासाठी कुणाला जबाबदार धरायचं हे ठरवताना सगळेच घोळ घालतात.

गाझाचंही तेच. २०२४ मध्ये तिथे पंचवीस वर्षांनी पोलिओचा रुग्ण सापडला, दहा महिन्यांचं बाळ. रस्त्यांवर सांडपाणी, नियमित लसीकरण विस्कळीत. सप्टेंबरमध्ये ठराविक तासांपुरता गोळीबार थांबवून मुलांना डोस पाजले गेले. म्हणजे ठरवलं तर थांबवता येतं.

म्हणून मदत पाठवणाऱ्यांना माझं एक सांगणं असतं. जलसंजीवनीने समोरचा रुग्ण वाचतो, साथ मात्र चालूच राहते. औषधांच्या खोक्यांचे फोटो छान येतात, पण त्याच्याबरोबर पंपाला डिझेल, टाकीला क्लोरीन आणि नर्सचा पगारही जायला हवा. येमेनमध्ये युनिसेफने पाण्याच्या पंपांसाठी इंधन पुरवलं. बातम्यांत ते फारसं दिसलं नाही.