गुलाबाचा डोळा बघा, मग कात्री उचला

हा बघा डोळा, म्हणजे नवी फूट जिथून निघते तो इवलासा कोंब. गेल्या वर्षीचं पान जिथून गळलं त्या खुणेच्या बरोब्बर वर, मोहरीएवढा, लालसर. थंडीभर हा फांदीला चपटा चिकटून बसलेला असतो आणि ऊन वाढायला लागलं, रात्रीचा कडाका उतरला की फुगायला लागतो. गुलाबाची छाटणी कधी करू असं कुणी विचारलं तर तारीख सांगण्यात काही अर्थ नाही, कारण प्रत्येक ठिकाणचा वसंत वेगळा. डोळे फुगलेत पण पालवी अजून उलगडलेली नाही, ती वेळ. त्याआधी घाई केली आणि परत कडक थंडी आली तर कोवळी फूट जळून जाते, आणि फार उशीर केला तर झाडाने शेंड्याच्या नव्या पानांत घातलेली ताकद आपण कापून टाकतो.

आता चांगली हिरवीगार फांदी कापायचीच कशाला? बरेच जण इथेच अडतात, हात धजावत नाही. तर होतं असं की फांदीच्या शेंड्यात ऑक्झिन नावाचं संप्रेरक तयार होतं, ते खाली उतरत राहतं आणि खालच्या डोळ्यांना फुटू देत नाही. शेंडा गेला की हा दाब गेला, आणि कापाच्या लगेच खाली जो डोळा आहे तो सहसा सगळ्यात आधी फुटतो. म्हणजे कात्री कुठे लावली यावरून पुढची फांदी कुठून निघणार, कुठल्या दिशेला जाणार हे ठरतं. एवढं कळलं ना, की छाटणीची भीती निघून जाते, खरंच.

म्हणून झुडपाच्या बाहेरच्या बाजूला तोंड असलेला डोळा शोधायचा आणि त्याच्या साधारण ५ ते ६ मिलिमीटर वर तिरका काप घ्यायचा, उतार डोळ्याच्या उलट बाजूला, म्हणजे पाणी डोळ्यावर ओघळत नाही. खूप वर कापलं तर उरलेला तुकडा वाळतो आणि ते वाळणं हळूहळू खाली सरकत येतं, अगदी चिकटून कापलं तर डोळाच सुकतो. आतल्या बाजूचा डोळा ठेवला तर नवी फांदी झुडपाच्या पोटात घुसते, तिथे गर्दी होते, हवा खेळत नाही, आणि मग रोग आलाच म्हणून समजा.

कापल्यावर कापाकडे जरा नीट बघा. मधला गाभा पांढरट किंवा हिरवट आहे? मग फांदी ठणठणीत. तपकिरी दिसला तर अजून थोडं खाली, परत तपकिरी तर अजून खाली, पांढरा गाभा लागेपर्यंत थांबायचं नाही. कात्री मात्र धारदार हवी आणि दोन पाती एकमेकांवरून सरकणारी हवी, बोथट कात्री फांदी कापत नाही, चिरडते. एका झाडावरून दुसऱ्यावर जाताना पाती स्पिरिटने पुसली की झालं.

किती कापायचं? आधी वाळलेलं, रोगट, एकमेकांवर घासणारं आणि पेन्सिलीपेक्षा बारीक असलेलं सगळं काढा. मग हायब्रिड टी (एका दांड्यावर सहसा एकच मोठं फूल येणारा) किंवा फ्लोरिबंडा (झुबक्याने फुलणारा) असेल तर उंची साधारण अर्ध्यावर आणली तरी चालते. वेली गुलाबाचं गणित वेगळं, त्याच्या मुख्य लांब फांद्या कापायच्या नसतात, त्या वाकवून आडव्या बांधायच्या. फांदी आडवी झाली की शेंड्याचा दबदबा कमी होतो आणि तिच्या लांबीभर डोळे उठतात, प्रत्येक डोळ्यातून फुलाची फांदी. आणि वर्षातून एकदाच बहरणारे जुने गुलाब असतात ना, त्यांची फुलं गेल्या वर्षीच्या लाकडावर येतात, त्यांना वसंतात कात्री लावाल तर त्या वर्षीचा बहारच गेला. त्यांची छाटणी फुलं होऊन गेल्यावर.

सगळेच डोळे आपल्या कामाचे नसतात हेही सांगायला हवं. बहुतेक गुलाब डोळा भरून केलेले असतात, खाली जंगली गुलाबाचा खुंट आणि वर आपल्याला हवी ती जात. बुडाशी जो गाठीसारखा भाग दिसतो तो कलमाचा जोड. त्याच्या खालून जी फूट येते ती खुंटाची, आणि ती एवढ्या जोरात वाढते की दोन-तीन वर्षांत वरची जात मागे पडू शकते. एका देठावर सात छोटी पानं असलेली फूट ती जंगली असं सर्रास सांगतात, पण त्यावर विसंबू नका, चांगल्या जातींनाही अशी सात पानं येतात. माती बाजूला करा, फूट नेमकी कुठून निघाली ते बघा आणि जोडाखालून असेल तर कापू नका, मुळापासून ओढून काढा, कापली तर बुडाशी राहिलेले डोळे परत फुटतात.

पालवी उलगडली की चांगलं कुजलेलं शेणखत किंवा कंपोस्ट आणि वर आच्छादन, फक्त खोडाला टेकवू नका. नत्राचा मारा नको, लुसलुशीत फूट येते आणि तिच्यावर मावा, म्हणजे रस शोषणारी बारीक कीड, तुटून पडते. पाणी बुडाशी आणि सकाळी. पानांवर पाणी राहिलं, साधारण सात तास पान ओलं राहिलं, की काळ्या ठिपक्यांच्या बुरशीचे बीजाणू रुजतात. भुरीचं, म्हणजे पानांवर पांढरी पूड दिसते त्या बुरशीचं, मात्र उलट आहे, तिला ओलं पान लागत नाही, दिवस उबदार, रात्री गार आणि झुडूप दाट असलं की ती येते, म्हणून पुन्हा तेच, झुडपाचं पोट मोकळं हवं.

आता या कळीच्या मानेवर बघा, हिरवे ठिपके दिसतायत तो मावा. वसंतात यातल्या जवळजवळ सगळ्या माद्याच असतात, नराशिवाय थेट पिल्लं घालतात आणि ती पिल्लं आठवडा-दीड आठवड्यात स्वतः पिल्लं घालायला लागतात. बोटांनी पुसून टाका नाहीतर पाण्याचा जोरदार फवारा मारा. औषधाची बाटली लगेच उचलू नका हो, कारण हा काळा, अंगावर नारिंगी ठिपके असलेला, दिसायला भीतीदायक किडा बघा, ही ढालकिड्याची (लेडीबर्डची) अळी आहे, मावा खाऊनच जगते आणि लोक नेमकं हिलाच मारतात. पानाच्या कडेला असे गोल गोल काप दिसले तर ते पान कापणाऱ्या मधमाशीचं काम, ती ते तुकडे घरट्याला नेते, झाडाचं काही बिघडत नाही.

पहिला बहार ओसरला की परत कात्री. सुकलेलं फूल झाडावर ठेवलं तर फळ धरतं आणि झाडाची ताकद बियांकडे जाते. फुलाच्या लगेच खालचे डोळे सहसा दुबळे असतात, म्हणून खाली येत एका देठावर पाच छोटी पानं असलेलं पहिलं, बाहेरच्या बाजूचं पान शोधायचं आणि त्याच्या बगलेतल्या डोळ्यावर कापायचं. तिथून हवामानाप्रमाणे पाच ते आठ आठवड्यांत पुढचं फूल. रोप पहिल्याच वर्षाचं असेल तर एवढं खाली यायचं नाही, फक्त सुकलेलं फूल खुडायचं, कारण मुळं वाढवायला त्याला प्रत्येक पान हवं असतं.