टॉप लावण्यापूर्वी

[दृश्य: साकीनाक्याचा गाळा. ट्रेलरचा उघडा सांगाडा आणि त्यातून लोंबणाऱ्या तारा.]

मुंबईत साकीनाक्याच्या या गाळ्यात एका कॅम्पर ट्रेलरचे वायरिंग शेवटच्या टप्प्यात आले आहे. मोटारीच्या मागे जोडून न्यायचे हे पत्र्याचे छोटे घर आहे, आणि त्यात दोन माणसांच्या झोपण्याची सोय, लहान फ्रिज, पाण्याचा पंप, पंखा आणि छतावर एसी एवढे सगळे बसवले आहे. सुतारकाम आणि रंगकाम पाहायला लोक आवर्जून येतात. आपण मात्र दाराच्या डाव्या हाताला, गुडघ्याच्या उंचीवर असलेल्या निळ्या झाकणापाशी थांबणार आहोत, कारण बाहेरची वीज या घरात शिरते ती इथून.

आपल्या राहत्या घरातली वीज आपल्या ओळखीची असते. मीटरचा खोका कुठे आहे, मेन स्विच कोणता, अर्थिंगची पट्टी कुठून खाली उतरते, हे इमारतीच्या वायरमनला ठाऊक असते. ट्रेलरला अशी ओळख नसते. आज पवनेच्या काठचा बोर्ड, पुढच्या शनिवारी नागावच्या वाडीतला, त्यानंतर भंडारदऱ्याचा. महाराष्ट्र शासनाने 2021 मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटनाचे धोरण आणले आणि अशा गाड्यांसाठी मुक्कामाच्या जागा व्हाव्यात असा विचार पुढे आला, तरी मुंबईकर शनिवार-रविवारी जिथे जातो त्या बहुतेक जागा तंबूंसाठी उभ्या राहिलेल्या आहेत. तंबूला लागतो एक दिवा आणि मोबाइल चार्ज करायला एक सॉकेट, आणि वीजही तेवढ्याच हिशेबाने ओढलेली असते.

[दृश्य: बोरघाट. डोंगरावरून खोपोलीत उतरणारे पाण्याचे मोठे नळ.]

घाट चढताना दिसणारे हे नळ खोपोलीच्या जलविद्युत केंद्राचे आहेत. येथून 1915 मध्ये मुंबईच्या गिरण्यांना वीज मिळू लागली. डोंगर, खाडी आणि दलदल ओलांडून वीज मुंबईपर्यंत नेण्याचे काम शंभर वर्षांपूर्वी इतक्या काटेकोरपणे झाले, आणि आज मुक्कामाच्या जागी घरापासून झाडापर्यंतची शेवटची तार मात्र कोणीही, कशीही ओढतो, ही गोष्ट मनाला लागते.

[दृश्य: पवना जलाशयाचा काठ. झाडाच्या खोडाला ठोकलेला लाकडी बोर्ड.]

हा तो बोर्ड. शेतघराच्या ओसरीतून निघालेली तार फांद्यांवरून इथवर आली आहे, मध्ये दोन जोड आहेत आणि त्यांवर चिकटपट्टी गुंडाळली आहे. सोळा अँपिअरचा तीन पिनांचा सॉकेट नवा दिसतो. पण तार दोन पदरी आहे, म्हणजे वीज आणणारा फेज आणि ती परत नेणारा न्यूट्रल एवढेच इथे पोहोचले आहेत. मग वरच्या मोठ्या छिद्रामागे, अर्थच्या जागी, काय जोडले आहे?

साकीनाक्याहून सोबत आलेल्या परवानाधारक वायरमनने ट्रेलरची केबल अजून डिकीतच ठेवली आहे. त्याने आधी बिनस्पर्शाचा टेस्टर अर्थच्या छिद्रापाशी धरला. टेस्टर गप्प राहिला, म्हणजे तिथे या क्षणी फेज नाही. मग त्याने मल्टिमीटर काढला. फेज आणि न्यूट्रलमध्ये 212 व्होल्ट, फेज आणि अर्थमध्येही 212, न्यूट्रल आणि अर्थमध्ये शून्य. बाजारात मिळणाऱ्या तीन दिव्यांच्या तपासणी टॉपने (टॉप म्हणजे सॉकेटमध्ये घालायचा प्लग) इथे सर्व ठीक असल्याचाच निर्वाळा दिला असता. वायरमनला खटकले ते नेमके हे शून्य. बोर्डावर भार चालू असताना न्यूट्रलमध्ये थोडे व्होल्टेज उतरतेच, आणि खरा अर्थ जमिनीतून वेगळा आलेला असेल तर या दोघांत एक-दोन व्होल्टचा फरक दिसायला हवा.

म्हणून त्याने दहा पावलांवर ओल्या मातीत एक लोखंडी सळई ठोकली, मल्टिमीटरची एक तार सळईला आणि दुसरी सॉकेटच्या अर्थला लावली आणि स्वयंपाकघरात विजेची किटली लावायला सांगितली. किटली लागताच आकडा 9 वर गेला. जमिनीच्या आणि या तथाकथित अर्थच्या मध्ये नऊ व्होल्ट उभे राहिले, याचा अर्थ हा बिंदू जमिनीशी जोडलेलाच नाही.

[दृश्य: मेन स्विच बंद. सॉकेट उघडलेला, अगदी जवळून.]

ओसरीतला मेन स्विच बंद करून सॉकेट उघडला तेव्हा उत्तर समोर आले. अर्थच्या स्क्रूपासून न्यूट्रलच्या स्क्रूपर्यंत बोटभर तारेचा तुकडा, लाल रंगाचा, एका टोकाला काळवंडलेला. वायरमन लोक याला लूप मारणे म्हणतात. अर्थची तार ओढायचा खर्च वाचतो, तपासणी टॉपचे दिवे बरोबर लागतात आणि कोणाला शंका येत नाही.

जागेची देखभाल करणारे मामा शेजारीच उभे होते. "इतकी वर्षं माणसं येतात इथं, दादा. कुणाला कधी शॉक बसला नाही," ते म्हणाले. वायरमनने उत्तर दिले, "मामा, तंबू कापडाचा असतो. आमची गाडी पत्र्याची आहे."

हे उत्तर नीट समजून घ्यावे लागेल. ट्रेलर रबरी टायरांवर उभा असतो, त्यामुळे त्याचा पत्रा जमिनीपासून तुटलेला असतो. केबलमधली अर्थची तार हाच त्या पत्र्याचा जमिनीशी एकमेव भरवशाचा संबंध. ही तार न्यूट्रलला बांधलेली असेल आणि मागे कुठेतरी न्यूट्रलचा जोड सुटला, तर आत चालू असलेल्या पंख्यातून आणि फ्रिजमधून फिरलेला फेज त्याच तारेने पत्र्यावर येतो. आणि एखाद्याने ओसरीत दुरुस्ती करताना फेज व न्यूट्रलची अदलाबदल केली, तर कशाचाही जोड न सुटता दाराची कडी, पायरी, गाडी जोडण्याचा दांडा, सगळे 230 व्होल्टवर जाते. आत बसलेल्याला काही जाणवत नाही. अनवाणी पायांनी दव पडलेल्या गवतावरून येऊन कडीला हात लावणारा माणूस मात्र त्या विजेचा जमिनीकडे जाणारा रस्ता होतो.

इथे अनेक जण म्हणतील की आमच्या गाडीत आरसीसीबी आहे. तो असायलाच हवा. फेजने गेलेला आणि न्यूट्रलने परतलेला प्रवाह यांत 30 मिलिअँपिअरचा फरक पडला की तो क्षणात वीज तोडतो आणि जीव वाचवतो. परंतु अर्थची तार आरसीसीबीमधून जात नाही, ती त्याला वळसा घालून थेट पत्र्याला मिळते. त्यामुळे वीज अर्थच्या तारेनेच गाडीवर आली तर गाडीतला आरसीसीबी ती पाहूच शकत नाही, आणि प्रवाह मर्यादेबाहेर गेला की वीज तोडणारा एमसीबीही नाही. या चित्रफितीत आम्ही दुसरे काहीही वगळले असते, पण हे वाक्य वगळले नसते.

[दृश्य: लोहार चाळ. दुकानांबाहेर टांगलेल्या केबलच्या गुंडाळ्या.]

ट्रेलरच्या दारामागे बसवलेल्या पेटीचे सगळे सामान लोहार चाळीतून, मुंबईच्या विजेच्या सामानाच्या बाजारातून, आले आहे. अमेरिकेत ट्रेलरसाठी अशी संरक्षक पेटी तयार मिळते, परंतु तिथल्या मुक्कामाच्या खांबांवर 120 व्होल्टची वीज असते आणि त्या पेट्या साधारण 104 ते 132 व्होल्टच्या बाहेर वीज तोडतात, त्यामुळे त्या आपल्या कामाच्या नाहीत. गाळ्यात जुळवलेल्या पेटीत पहिला आहे दोन्ही तारा एकदम तोडणारा डबल पोल एमसीबी. साधा एमसीबी एकच तार तोडतो, आणि परक्या बोर्डावर फेज-न्यूट्रल उलटे असतील तर तो न्यूट्रल तोडून फेज आत तसाच ठेवतो. त्यानंतर 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी, वळवाच्या पावसातल्या विजांमुळे उसळणाऱ्या व्होल्टेजसाठी सर्ज संरक्षक, आणि शेवटी व्होल्टेज रिले.

हा रिले 190 च्या खाली किंवा 260 च्या वर व्होल्टेज गेले की वीज तोडतो, आणि ते पुन्हा ठीक झाल्यावर तीन मिनिटे थांबून जोडतो. एसीचा किंवा फ्रिजचा कॉम्प्रेसर थांबल्याबरोबर पुन्हा सुरू करू नये, आतला दाब आधी उतरावा, यासाठी ही तीन मिनिटे. कमी व्होल्टेज निरुपद्रवी असते हा समज फार पसरलेला आहे. दिवा मंद होतो, पण कॉम्प्रेसरची मोटर अडखळते, जास्त प्रवाह ओढते आणि तिची गुंडाळी तापते. एक चौरस मिलिमीटर जाडीची तांब्याची तार शंभर मीटर ओढली, तर जाऊन-येऊन तिचा रोध साडेतीन ओहमच्या पुढे जातो. त्यातून दहा अँपिअर घेतले की छत्तीस व्होल्ट तारेतच संपतात, आणि ओसरीतले 212 ट्रेलरपाशी 176 होतात. गुंडाळीवरची केबल पूर्ण उलगडून वापरावी, असे वायरमन सांगतो ते याच कारणाने: वाया गेलेल्या त्या विजेची उष्णता होते, आणि गुंडाळीत ती कोंडते.

जास्त व्होल्टेजचे मोठे कारण पुन्हा न्यूट्रल हेच आहे. जागेला तीन फेजची जोडणी असेल आणि मुख्य न्यूट्रल सुटला, तर दोन फेजांमधले सुमारे 400 व्होल्ट त्यांवरच्या भारांत वाटले जातात. एका फेजवर तीन हजार वॅटचे गिझर आणि दुसऱ्यावर हजार वॅटचा भार असेल, तर गिझरला शंभर व्होल्ट मिळतात आणि दुसऱ्या बाजूला तीनशे. या दुसऱ्या बाजूला ट्रेलर असेल तर रिले त्याला वाचवतो. जिथे रिले नाही तिथे फ्रिज, चार्जर, एसीचे सर्किट जळते. आणि सदोष जोडण्यांमुळे माणसेही दगावतात.

एवढे सगळे बसवूनही ही पेटी अर्थची तार तोडत नाही, हे लक्षात ठेवावे लागते. पेटी सामान सांभाळते, आणि गाडीच्या आतल्या बिघाडापासून माणसालाही. अर्थच्या तारेने येणाऱ्या विजेपासून माणसाला सांभाळणारी तपासणी मात्र टॉप लावण्यापूर्वी हातानेच करावी लागते, प्रत्येक जागी, आणि त्याच जागी पुन्हा आलो तरीही.

[दृश्य: मातीतली सळई, तिला बांधलेली हिरवी तार.]

ट्रेलरशेजारी सळई ठोकून तिला पत्रा जोडला की अर्थिंग झाले, असे मानणारेही भेटतात. या सळईचा जमिनीशी रोध वीस ओहम धरला, आणि उन्हाळ्यात जांभ्याच्या जमिनीत तो याहून बराच जास्त असू शकतो, तर 230 व्होल्टला तिच्यातून साडेअकरा अँपिअर वाहतील. सोळाचा एमसीबी एवढ्याने पडणार नाही आणि पत्रा तसाच जिवंत राहील. सळई हवी, पण तिच्या जोडीला बोर्डावर आरसीसीबीही हवा. युरोपातल्या कॅरॅव्हॅनच्या मुक्कामांसाठी असलेल्या मानकात प्रत्येक सॉकेटला स्वतंत्र 30 मिलिअँपिअरचे संरक्षण सांगितले आहे, आणि ब्रिटनमध्ये न्यूट्रलशी एक झालेला अर्थ कॅरॅव्हॅनच्या पत्र्याला जोडायला मनाई आहे. झाडावरच्या या बोर्डाला तो नियम लागू नाही, पण धोका तोच आहे.

त्या रात्री ट्रेलरने बाहेरची वीज घेतली नाही. दिवे, पंखा आणि पंप बारा व्होल्टच्या बॅटरीवर चालले, फ्रिज आणि एसी बंद राहिले.

[दृश्य: सकाळ. ओसरीखालचा अर्थिंगचा खड्डा, मीठ, कोळसा, पाण्याची बादली.]

सकाळी जागेच्या मालकांशी बोलणे झाले आणि ते काम करून घ्यायला तयार झाले. शेतघराचा स्वतःचा अर्थिंगचा खड्डा होता. तो कोरडा पडला होता एवढेच. त्यात मीठ-कोळसा भरून पाणी ओतले, तिथून बोर्डापर्यंत अडीच चौरस मिलिमीटरची तीन पदरी केबल जमिनीत नळीतून आणली, बोर्ड झाकणाच्या पेटीत हलवला, त्यात आरसीसीबी बसवला आणि तो लाल तुकडा काढून टाकला.

मग वायरमनने शेवटची परीक्षा घेतली. मल्टिमीटर अगदी क्षीण जोडणीवरही पूर्ण व्होल्टेज दाखवू शकतो, म्हणून अर्थवर खरा भार टाकून पाहायचा असतो. त्या वेळी अर्थच्या तारेला दुसरे काहीही जोडलेले नसावे आणि हे काम जाणत्यानेच करावे, कारण ती तार कुठे तुटलेली असेल तर परीक्षेपुरता तीवर फेज येतो. आधी आरसीसीबीच्या अलीकडून फेज आणि अर्थमध्ये शंभर वॅटचा तारेचा बल्ब लावला. तो फेज-न्यूट्रलवर लागतो तितकाच उजळ लागला. नंतर तोच बल्ब सॉकेटमधून लावला, आणि त्याच्या 435 मिलिअँपिअरच्या ओढीने आरसीसीबी लागलीच पडला, जसा पडायला हवा होता.

आता केबल जोडता येईल. क्रम ठरलेला आहे: ट्रेलरमधली सगळी बटणे आणि एमसीबी बंद, केबल आधी ट्रेलरला, मग बोर्डाला, त्यानंतर बोर्डाचा स्विच आणि सर्वांत शेवटी आतला एमसीबी. निघताना हाच क्रम उलटा, म्हणजे भरल्या भाराचा टॉप ओढावा लागत नाही आणि पिना जळत नाहीत. आरसीसीबीचे चाचणीचे बटण दाबून पाहिले, तो पुन्हा चढवला, आणि तीन मिनिटांनी रिलेने 218 व्होल्टवर फ्रिज चालू केला.