पंगतीतून उठलेला पेत्र

(वास्को येथे मराठी ख्रिस्ती मंडळींसमोर प्रायश्चित्तकाळात दिलेलं व्याख्यान. बोलण्याचा ओघ शक्य तितका तसाच ठेवून संपादित.)

बंधूभगिनींनो, घरगुती प्रार्थनासभेत आपल्याकडे एक प्रसंग हटकून येतो. गीत होतं, वचन वाचून होतं, आणि पाळक विचारतात, "आता प्रार्थना कोण करील?" लगेच सगळ्यांना आपापल्या शास्त्रातलं काहीतरी शोधायचं असतं. काही जण खरोखरच लाजाळू असतात, त्यांचं सोडा. पण एखादा असा असतो की त्याला प्रार्थना येते, करावीशीही वाटते, आणि तरी तो म्हणतो, "मला नको, दुसऱ्या कोणाला सांगा." कारण त्याच खोलीत समोर त्याची वहिनी बसलेली असते, आणि चार वर्षांपूर्वी वाटणीच्या वेळी हा काय काय बोलला होता ते तिला शब्दन् शब्द आठवत असतं.

गोव्यात आपण मराठी ख्रिस्ती मूठभर. कोणी नगरकडचे, कोणी कोल्हापूर-सांगलीचे, कोणी वसईचे. पोटापाण्यासाठी कोणी बंदरात लागलं, कोणी शिपयार्डात, कोणी वेर्ण्याच्या कारखान्यांत. मूठभर माणसांत कोणाचं काही झाकून राहत नाही. देवानं क्षमा केली हे एक वेळ पटतं हो. देव काही मांगोरहिलला शेजारी राहत नाही. एकदा पडल्यावर शेजाऱ्यांच्या देखत ताठ मानेनं ख्रिस्ती म्हणून कसं जगायचं, हा खरा प्रश्न आहे, आणि आपल्यातल्याच एकानं चिठ्ठीत मला हेच विचारलं आहे.

म्हणून आज पेत्राबद्दल बोलतो. गोष्ट तुम्हांला पाठ आहे, तेव्हा ओळखीच्या जागा भरभर मागे टाकतो.

येशूला धरून नेलं ती थंडीची रात्र, महायाजकाच्या वाड्यातलं अंगण, कोळशाचा विस्तव. पेत्राच्या छातीला कोणी तलवार लावली नव्हती. एका दासीनं विचारलं, "तूही त्याच्याबरोबर होतास ना?" आणि हा गडी तीनदा नाही म्हणाला. तिसऱ्यांदा तर शपथा वाहून. आता मला सांगा, ही गोष्ट आपल्यापर्यंत आली कशी? त्या अंगणात आपल्या बाजूची माणसं होतीच किती? बहुतेक शिष्य पळाले होते. योहान सांगतो की आणखी एक शिष्य आत गेला होता, पण बाकीच्या तीन शुभवर्तमानांत तोही नाही. माझं मत असं, की ही गोष्ट पेत्रानंच सांगितली असणार. एकदा नव्हे, पुन्हा पुन्हा. मंडळीची जुनी परंपरा म्हणते की मार्कानं आपलं शुभवर्तमान पेत्राच्या आठवणींवरून लिहिलं, आणि त्यात पेत्राची कुठेही गय नाही. मंडळीचा पुढारी झाल्यावर स्वतःची ही गोष्ट गाळायला त्याला कितीसा वेळ लागला असता?

त्याच रात्री दुसराही एक माणूस पडला. यहूदा. आपण त्याच्यावर एका वाक्यात शिक्का मारून पुढे जातो, पण मत्तयाचा सत्ताविसावा अध्याय जरा सावकाश वाचा. यहूदाला पस्तावा झाला. येशूला धरून देण्यासाठी घेतलेली ती तीस चांदीची नाणी त्यानं परत नेली. "मी निर्दोष माणसाला धरून देऊन पाप केलं," असं स्वच्छ शब्दांत कबूल केलं. कबुली झाली, पैसे परत झाले, काय राहिलं होतं? आणि ज्यांच्यापुढे त्यानं हे कबूल केलं ते धर्माची माणसं होती. ती काय म्हणाली? "त्याचं आम्हांला काय? तुझं तू पाहा." तो एकटा बाहेर पडला आणि त्यानं स्वतःला संपवलं. पेत्रही रडत बाहेर पडला होता, पण तो पुन्हा बाकीच्यांत जाऊन बसला, आणि बाकीच्यांनी त्याला बसू दिलं. रविवारी सकाळी स्त्रियांनी येऊन कबरेची बातमी सांगितली तेव्हा तो तिथेच होता. कबरेपाशी त्यांना मिळालेला निरोप मार्कानं दिला आहे: जा, त्याच्या शिष्यांना आणि पेत्राला सांगा. पेत्राचं नाव वेगळं घेतलं. एरवी "शिष्यांना" म्हटल्यावर त्यात आपण मोडतो की नाही, हा विचार करत तो कोपऱ्यात बसून राहिला असता.

"तुझं तू पाहा" हे वाक्य आपणही म्हणतो. तोंडानं नाही म्हणत. उपासनेनंतर चहा घेताना त्याच्याकडे पाठ करून म्हणतो.

आता तिबिर्याच्या समुद्राचा किनारा. खारीवाड्याच्या जेटीवर पहाटे जाणाऱ्यांना हे दृश्य नवीन नाही. रात्रभर जाळं टाकलं, हाती काही नाही, सगळे चिडलेले. किनाऱ्यावरून कोणीतरी ओरडून सांगतो, उजवीकडे टाका. मासळी लागते आणि योहान म्हणतो, "प्रभू आहे." पेत्र कामासाठी उघडा होता. तो अंगरखा घालतो आणि मग पाण्यात उडी मारतो. माणसं पोहायला कपडे काढतात, हा घालतो! नाव किनाऱ्यापासून अवघी दोनशे हात होती, पण त्याला धीर नव्हता. बाहेर आल्यावर समोर पुन्हा कोळशाचा विस्तव, त्यावर मासे आणि भाकर. मासे आधीच भाजत ठेवलेले असताना प्रभू म्हणतो, "तुम्ही आता धरलेल्यातलेही थोडे आणा." मग पेत्र जाळं ओढून आणतो, एकशे त्रेपन्न मोठे मासे. या आकड्यावर पंडितांनी पुष्कळ शाई खर्च केली आहे. मला वाटतं, चमत्कार केवढाही होवो, मासळी मोजल्याशिवाय कोळ्याला चैन पडत नाही, इतकंच.

न्याहारी झाल्यावर प्रश्न येतो, तोही सगळ्यांच्या देखत. "तू माझ्यावर प्रीती करतोस काय?" तीनदा. तिसऱ्यांदा पेत्राला वाईट वाटलं, असं योहान लिहितो. वाटणारच. पण प्रभू काय विचारत नाही ते बघा. "पुन्हा असं करणार नाहीस ना?" असं विचारत नाही. लेखी हमी घेत नाही. "वर्षभर नीट वाग, मग बघू," असंही म्हणत नाही. प्रत्येक उत्तरानंतर काम सांगतो. कोकरं चार. मेंढरं पाळ. मेंढरं चार. आणि पेत्राचं उत्तरही बघण्यासारखं आहे. काही दिवसांपूर्वी "सगळे अडखळले तरी मी अडखळणार नाही" म्हणणारा हा माणूस आता स्वतःची एकही साक्ष काढत नाही. "प्रभू, तुला सर्व ठाऊक आहे," एवढंच म्हणतो. सर्व म्हणजे ते अंगणसुद्धा. आपल्या चिठ्ठीतल्या 'ताठ मानेचा' पाया मला इथे दिसतो. समोरच्याला सगळं ठाऊक आहे, आणि तरी त्यानं काम दिलं आहे.

यावर कोणी म्हणेल, म्हणजे मंडळीच्या पेटीत हात घालणाऱ्यालाच खजिनदार करायचं का? नाही. क्षमा रविवारी मिळाली म्हणून पेटीची किल्ली सोमवारी मिळत नाही. आणि ज्यानं लहान मुलांच्या विश्वासाचा घात केला त्याच्याकडे मुलांचा शब्बाथशाळेचा वर्ग कधीही देऊ नये, मग तो कितीही रडो. विश्वासात जगणं आणि जुनं पद परत मागणं यांत फरक आहे. मार्काचंच बघा. तरुणपणी तो पौल आणि बर्णबा यांच्याबरोबर निघाला आणि पर्गाहून त्यांना सोडून यरुशलेमेला परतला. पुढच्या फेरीला बर्णबा म्हणाला, त्याला नेऊ या. पौल म्हणाला, मुळीच नाही. वाद इतका पेटला की दोघे वेगळे झाले. बर्णबानं मार्काला घेतलं आणि कुप्राची वाट धरली. पौलाचं मला अगदीच चुकलेलं वाटत नाही. त्याला भरवशाचा सोबती हवा होता. पण बर्णबा नसता तर? वर्षांनंतर तुरुंगातून लिहिलेल्या पत्रात पौल तीमथ्याला सांगतो, मार्काला बरोबर घेऊन ये, तो सेवेसाठी मला उपयोगी आहे. दोन्ही माणसं मंडळीत लागतात, पौलही आणि बर्णबाही. आपल्याकडे पौल जरा जास्त झाले आहेत.

आणि भरपाई. जकातदार जक्कय कोणाचं अन्यायानं घेतलं असेल ते चौपट परत देतो म्हणाला, तेही जेवायला आलेल्या पाहुण्यासमोर. दारू सोडू पाहणाऱ्यांच्या अल्कोहोलिक्स अनॉनिमस या संघटनेच्या बारा पायऱ्यांत आठवी पायरी आपण दुखावलेल्या माणसांची यादी करायची, आणि नववी त्यांची प्रत्यक्ष भरपाई करायची. अट एकच, त्यानं त्यांचं किंवा दुसऱ्या कोणाचं आणखी नुकसान होऊ नये. गोव्यात दारूनं पोखरलेली घरं आपण सगळेच ओळखून आहोत, म्हणून हे सांगतो. कुमसाराला, म्हणजे पाद्रीपुढे पापांची कबुली द्यायला, जाऊन आलेला असो की आपल्यासारखा थेट प्रार्थनेत कबुली देणारा असो, वहिनीकडे जायचं राहिलंच असेल तर ते राहिलेलंच असतं.

आता शीर्षकाकडे येतो. पुष्कळांना वाटतं की पन्नासाव्या दिवशी पवित्र आत्मा आला आणि पेत्राचं पडणं संपलं. तसं झालं नाही. यापोला त्यानं दृष्टान्त पाहिला, कर्नेल्य नावाच्या रोमी अधिकाऱ्याच्या घरी गेला, परराष्ट्रीयांबरोबर, म्हणजे यहूदी नसलेल्यांबरोबर, जेवला, त्यावरून यरुशलेमेत लोकांनी धारेवर धरलं तेव्हा त्यानं त्याचं समर्थनही केलं. आणि तोच पेत्र अंत्युखियात काय करतो? गलतीकरांच्या पत्राचा दुसरा अध्याय. परराष्ट्रीय विश्वासणाऱ्यांच्या पंगतीला तो बसत होता. यरुशलेमेच्या मंडळीचा पुढारी याकोब, त्याच्याकडून काही माणसं आली, आणि हा पंगतीतून उठला. का? भीतीनं. अंगणात होती तशी पुन्हा भीती, या वेळी मात्र वेगळी. लोक काय म्हणतील. त्याचं बघून बाकीचे यहूदी उठले, बर्णबासुद्धा उठला. पौलानं सगळ्यांच्या समोर त्याला तोंडावर सांगितलं.

हे पडणं मला अंगणातल्यापेक्षा मोठं वाटतं. तिथे जिवाची भीती होती. इथे फक्त प्रतिष्ठेची. आणि पंगतीतून उठणं म्हणजे काय ते आपल्या लोकांना समजावून सांगावं लागत नाही. गोव्यात चर्चच्या कॉन्फ्रारी, म्हणजे भाविकांच्या संघटना, जातीवार चालल्या. बामण, चार्डो, सूद हे शब्द ख्रिस्ती घरांतही लग्न ठरवताना निघतात. आपण मराठी ख्रिस्ती त्यांना हसू नये. नवं कुटुंब उपासनेला आलं की दुसऱ्या-तिसऱ्या वाक्याला आपला प्रश्न असतो, "तुमचं मूळचं आडनाव काय?" कशासाठी विचारतो ते विचारणाऱ्यालाही माहीत असतं आणि ऐकणाऱ्यालाही.

याच मातीत पेत्रावर मराठी पुराण लिहिलं गेलं, हे आपल्यातल्या बहुतेकांना माहीत नसतं. फादर स्टीफन्सचं क्रिस्तपुराण 1616 मध्ये राशोलला छापलं गेलं, ते सगळे सांगतात. त्यानंतर एतिएन द ला क्रुआ या फ्रेंच जेझुइटानं मराठी ओव्यांत पेत्राचं चरित्र लिहिलं, आणि तेही 1634 पर्यंत गोव्यात छापून झालं होतं. कौतुकाची गोष्ट आहे. पण त्याच ग्रंथात शेजाऱ्यांच्या देवधर्मावर भरपूर तोंडसुख घेतलं आहे. पडलेल्या माणसाची गोष्ट सांगायला बसायचं आणि दुसऱ्याच्या चुका मोजायच्या, हा मोह जुना आहे. गोव्यातलं इन्क्विझिशन 1560 ते 1812 चाललं, मध्ये काही वर्षांचा खंड सोडला तर. आज इथले हिंदू शेजारी त्याची आठवण काढतात तेव्हा आपण एकतर गप्प होतो नाहीतर "ते पोर्तुगीजांचं, आमचा काय संबंध" म्हणतो. 12 मार्च 2000 रोजी पोप जॉन पॉल दुसरे यांनी रोममध्ये, पेत्राच्याच नावाच्या चर्चमध्ये, सत्याच्या नावाखाली झालेल्या जुलमांबद्दल जाहीरपणे देवाकडे क्षमा मागितली. तेवढ्यानं सगळं भरून निघालं असं कोणी म्हणणार नाही. पण त्यामुळे विश्वास डळमळला नाही. उलट लपवालपवीवर उभा असलेला विश्वासच डळमळता असतो.

जुन्या गोव्याच्या टेकडीवर संत ऑगस्टीनच्या चर्चचा अर्धा मनोरा उभा आहे; त्याची घंटा पणजीच्या चर्चमध्ये वाजते. तुम्ही पाहुण्यांना तिथे नेता, फोटो काढता. ज्याच्या नावाचा तो मनोरा, त्यानं 'कन्फेशन्स' या ग्रंथात आपली तरुणपणीची पापं लिहून ठेवली हे प्रसिद्धच आहे. कमी लोक त्याच ग्रंथाचा दहावा भाग वाचतात. तिथे तो बिशप आहे आणि चालू स्थितीबद्दल लिहितो: स्वप्नं छळतात, जेवणावर ताबा राहत नाही, स्तुती गोड लागते, आणि घरात बसलेलं असताना माश्या धरणारी पाल दिसली तरी लक्ष तिकडे जातं. बिशप आणि पाल! मला तर हे वाचून फार हायसं वाटतं. आपण साक्ष देताना सगळं भूतकाळात सांगतो, "मी असा होतो, प्रभूनं मला सोडवलं." ऑगस्टीन "मी असा आहे" म्हणायला भीत नाही.

अंत्युखियात पौलानं खडसावल्यावर पेत्र काय म्हणाला, ते पत्रात नाही. पण पेत्राच्या नावानं असलेल्या दुसऱ्या पत्राच्या शेवटी पौलाचा उल्लेख येतो, "आपला प्रिय बंधू" असा.

माझं एवढंच. एक सूचना पाळकांनी द्यायला सांगितली आहे. उत्तम शुक्रवारच्या उपासनेत वधस्तंभावरच्या सात उद्गारांवर दर वर्षीप्रमाणे सात जण बोलतील, प्रत्येकी दहा मिनिटं. कागद दाराजवळच्या टेबलावर आहे. पहिला आणि सातवा उद्गार नेहमीच्याच मंडळींनी घेतला आहे. दुसरा, चोराला दिलेलं वचन, आणि चौथा, अजून रिकामे आहेत. ज्यांनी आजवर कधी नाव दिलं नाही त्यांनी आधी द्यावं, आणि नेहमीच्या मंडळींनी चहा होईपर्यंत कागदाला हात लावू नये.