गोलशून्य बरोबरीची कमाई

[दृश्य : सेंट जेम्स पार्क, एक्झेटर. स्टँडला खेटून जाणारी रेल्वेलाइन, छोटं स्टेशन.]

जून 2002. इंग्लंडच्या नैर्ऋत्य टोकाकडे, डेव्हन परगण्यात एक्झेटर नावाचं शहर आहे. तिथल्या फुटबॉल मैदानावर आज तुडुंब गर्दी आहे, पण सामना नाहीये. मैदानात मायकल जॅक्सन आलाय. खराखुरा. त्याला घेऊन आलाय युरी गेलर, नजरेने चमचे वाकवून दाखवणारा. हा गेलर त्या काळात एक्झेटर सिटी या क्लबचा सहअध्यक्ष होता, आणि जॅक्सनला त्या दिवसापासून क्लबचा मानद संचालक म्हणायचं ठरलं.

क्लबची तिजोरी तेव्हा जवळजवळ रिकामी होती. चमचा वाकवता येतो, ताळेबंद वाकवला की पोलीस येतात.

आणि ते आलेच. मे 2003. मोसमाचा शेवटचा दिवस. एक्झेटरने साउथएंडला 1-0 असं हरवलं आणि तरीही संघ खाली घसरला, कारण तिकडे स्वान्सीनेही आपला सामना जिंकला होता. इंग्लिश फुटबॉलच्या वरच्या चार विभागांत मिळून 92 क्लब असतात. त्यातून बाहेर पडलं की टीव्हीच्या पैशातला वाटा जवळपास संपतो. तोवर दरवर्षी तळातला एकच क्लब बाहेर जायचा. दोन क्लब बाहेर काढायचा नियम नेमका त्याच वर्षी लागू झाला, आणि एक्झेटर तळातून दुसरं होतं. नशीब फुटकं म्हणतात ते असं. काही दिवसांतच क्लब चालवणाऱ्या दोघांना अटक झाली. पुढे 2007 मध्ये कोर्टाने दोघांनाही दोषी ठरवलं.

मग क्लब घेणार कोण? कुणीच पुढे येईना. म्हणून प्रेक्षकांनीच घेतला.

[दृश्य : जुने फोटो. ब्रश आणि रंगाचे डबे घेतलेले स्वयंसेवक, स्टँडची झाडलोट.]

सप्टेंबर 2003 मध्ये चाहत्यांच्या ट्रस्टने बहुमताचे शेअर्स विकत घेतले. किंमत 20 हजार पौंड. लंडनमध्ये एवढ्यात धड गॅरेजही मिळालं नसतं. पण सौदा स्वस्त होता तो का, हे सगळ्यांना ठाऊक होतं. शेअर्सच्या मागे लाखो पौंडांची देणी उभी होती.

हा ट्रस्ट म्हणजे नेमकं काय, हे महाराष्ट्रातल्या माणसाला फार समजावून सांगावं लागत नाही. आपल्या सहकारी साखर कारखान्यासारखंच आहे ते. एक सभासद, एक मत. कुणी महिन्याला 2 पौंड भरो, कुणी 200, हात एकदाच वर करायचा. वार्षिक सभा, निवडून आलेलं मंडळ, हिशेबावरून वादावादी, सगळं तसंच. फरक इतकाच, की इथे सभासदाला ना उसाचा भाव मिळतो, ना लाभांश. शनिवारी दुपारी संघ हरला, तर तेवढा मनस्ताप मात्र मिळतो.

सुरुवातीची वर्षं अक्षरशः अंगमेहनतीवर निघाली. स्टँड रंगवायला माणसं आली, ऑफिसात फुकट बसायला आली, मैदान झाडायला आली. पण रंगकामाने कर्ज फिटत नाही. घेणेकऱ्यांशी कायद्याच्या चौकटीत तडजोड करावी लागली, म्हणजे रुपयातले काही पैसे घ्या आणि बाकीचं सोडा. त्यातही इंग्लिश फुटबॉलचा एक अजब नियम आडवा येतो. दुसऱ्या क्लबांची आणि खेळाडूंची देणी मात्र पूर्ण चुकवायची, त्यात सूट नाही. म्हणजे सेंटर फॉरवर्डला पूर्ण पैसे, आणि गावातल्या छपाईवाल्याला, सुताराला चार आणे. यात न्याय कुठला ते देव जाणे, पण नियम तो नियम.

आणि मग चिठ्ठी निघाली.

[दृश्य : ओल्ड ट्रॅफर्ड, बाहेरून.]

एफए कप या इंग्लंडच्या बाद पद्धतीच्या स्पर्धेत लहान-मोठे सगळे क्लब एकाच भांड्यात असतात. तिसऱ्या फेरीत मोठे संघ उतरतात आणि कुणाची गाठ कुणाशी, हे निव्वळ चेंडू काढून ठरतं. एक्झेटर तेव्हा पाचव्या पायरीवर होतं. त्यांच्या नावापुढे आलं मँचेस्टर युनायटेड. तेही युनायटेडच्या घरी, ओल्ड ट्रॅफर्डवर.

हे किती मोठं आहे, ते पैशात समजून घेऊ. एफए कपमध्ये तिकिटांचा गल्ला यजमान एकटा ठेवत नाही. तेव्हा खर्च वजा जाता 45 टक्के यजमानाला, 45 टक्के पाहुण्याला आणि उरलेले 10 टक्के सामाईक निधीत. म्हणजे ओल्ड ट्रॅफर्डवर जाऊन दहा गोल खाल्ले असते, तरी एक्झेटर श्रीमंत होऊनच परतलं असतं.

8 जानेवारी 2005. स्टेडियममध्ये 67 हजारांवर माणसं. युनायटेडचे व्यवस्थापक सर ॲलेक्स फर्ग्युसन यांनी तरुण संघ उतरवला होता. गोल होईना, तेव्हा बाकावरून स्कोल्स आला, रोनाल्डो आला. तरीही होईना. 90 मिनिटं संपली आणि फलकावर आकडा होता 0-0.

एक्झेटरच्या समर्थकांचा तो जल्लोष अभिमानाचा होताच. पण त्यातले किती तरी जण क्लबचे मालक होते, आणि मालकांना हिशेब कळत होता. बरोबरी म्हणजे रिप्ले. रिप्ले म्हणजे दुसरा सामना, आपल्या मैदानावर, टीव्हीवर, पुन्हा गल्ल्यात वाटा. फुटबॉलच्या इतिहासात गोलशून्य बरोबरीला एवढा भाव क्वचितच मिळाला असेल.

19 जानेवारीला मँचेस्टर युनायटेडचा संघ खरोखर सेंट जेम्स पार्कच्या त्या चिंचोळ्या ड्रेसिंग रूममध्ये कपडे बदलत होता. रोनाल्डोने सुरुवातीलाच एक गोल केला, रूनीने शेवटाकडे दुसरा. एक्झेटर 0-2 हरलं. दोन्ही सामन्यांची मिळून कमाई दहा लाख पौंडांच्या आसपास सांगितली जाते, तेव्हाच्या दराने साधारण आठ कोटी रुपये. तडजोडीतले हप्ते त्या पैशातून फिटले. क्लब वाचला.

2008 मध्ये वेम्ब्लीवर केंब्रिजला हरवून एक्झेटर पुन्हा 92 क्लबांत आलं, पुढच्याच वर्षी आणखी एक पायरी चढून लीग वनमध्ये, म्हणजे तिसऱ्या विभागात गेलं.

[दृश्य : रात्रीचे प्रकाशझोत. 2025.]

इथे थोडं पुढे उडी मारू. 11 फेब्रुवारी 2025. एफए कपची चौथी फेरी. सेंट जेम्स पार्कवर नॉटिंगहॅम फॉरेस्ट आलंय, प्रिमियर लीगमध्ये त्या मोसमात वरच्या फळीत असलेला संघ. एक्झेटरच्या जॉश मॅगेनिसने दोन गोल केले आणि नंतर लाल कार्डही खाल्लं. 90 मिनिटांअखेर 2-2. वीस वर्षांपूर्वीचा नियम असता, नव्हे, वर्षभरापूर्वीचा नियम असता, तरी एक्झेटर रिप्लेसाठी नॉटिंगहॅमला गेलं असतं. पुन्हा मोठं स्टेडियम, पुन्हा गल्ल्यात वाटा.

पण 2024-25 च्या मोसमापासून पहिल्या फेरीपासूनचे सगळे रिप्ले बंद झालेत. कारण काय, तर मोठ्या क्लबांच्या वेळापत्रकात जागा नाही. युरोपातल्या स्पर्धांचे सामने वाढले, मग कुठली तरी तारीख मोकळी करावी लागणार. ती या रिप्लेंची केली. त्या रात्री ज्यादा वेळ झाला, पेनल्टी झाल्या, फॉरेस्ट 4-2 ने जिंकलं आणि विषय तिथेच मिटला. ज्या दाराने 2005 मध्ये पैसा आत आला होता, ते दार वरच्यांनी त्यांच्या सोयीसाठी बंद केलं. माझ्या मते खालच्या लीगच्या अर्थकारणावर अलीकडे झालेला हा सगळ्यात निर्दय निर्णय आहे, आणि तो घेताना या क्लबांना कुणी फारसं विचारलंही नाही.

[दृश्य : सरावाचं मैदान, सकाळ. मुलं धावत आहेत.]

चिठ्ठीच्या भरवशावर दरवर्षी पगार देता येत नाहीत. 2014 च्या उन्हाळ्यात तर खेळाडूंचे पगार भागवायला खेळाडूंच्याच संघटनेकडून कर्ज काढावं लागलं, आणि त्यापायी नवे खेळाडू घ्यायला बंदी आली. त्याच उन्हाळ्यात क्लब ब्राझीलच्या दौऱ्यावर होता, ही आणखी एक गंमत. 1914 मध्ये ब्राझीलचा राष्ट्रीय संघ म्हणून जो पहिला सामना मानला जातो, तो एक्झेटर सिटीविरुद्ध झाला होता. त्याची शंभरी साजरी करायला ही मंडळी रिओला गेली होती. इतिहास श्रीमंत, खिसा रिकामा.

लीग वन आणि तिच्याखालच्या लीग टूमधल्या बहुतेक क्लबांना दरवर्षी तोटा होतो, तो मालक स्वतःच्या खिशातून भरतो. एक्झेटरला असा खिसा नाही. मग विकायचं काय? अकादमीत, म्हणजे क्लबच्या प्रशिक्षण शाळेत घडवलेली मुलं. शब्द कडू आहे, पण व्यवहार तोच आहे.

मॅट ग्राइम्स जानेवारी 2015 मध्ये स्वान्सीला गेला. 2017 मध्ये ऑली वॉटकिन्स ब्रेंटफर्डला गेला, किंमत साधारण 18 लाख पौंड सांगितली गेली. लहान वयात अकादमीत आलेला, मधल्या काळात आणखी खालच्या लीगमध्ये उसना खेळून आलेला हा मुलगा. पण खरी अक्कलहुशारी करारात होती. तो पुढे विकला गेला, तर नफ्यातला ठरावीक वाटा एक्झेटरला. 2020 मध्ये ॲस्टन व्हिलाने त्याच्यासाठी 2 कोटी 80 लाख पौंड मोजले. कोविडमुळे स्टँड ओस पडले होते, तिकिटाचा एक पैसा येत नव्हता, आणि नेमका तेव्हा हा हप्ता आला. जुलै 2024 मध्ये युरो स्पर्धेच्या उपांत्य सामन्यात नेदरलँड्सविरुद्ध अगदी शेवटी गोल करून इंग्लंडला अंतिम फेरीत नेणारा वॉटकिन्स, तो हाच.

दर वेळी सौदा असा जमत नाही. ईथन अँपाडू पंधराव्या वर्षी पहिल्या संघातून खेळला. 2017 मध्ये चेल्सीने त्याला नेलं. वयाची सतरा पूर्ण नाहीत, म्हणजे व्यावसायिक करार करता येत नाही, म्हणजे किंमत क्लबने नाही, लवादाने ठरवायची. लवाद म्हणाला, आत्ता 13 लाख पौंड, पुढे कामगिरीप्रमाणे आणखी. एक्झेटर नाराज झालं. भाव आपल्या हातात नाही, ही खंत उसाच्या शेतकऱ्यालाही माहीत आहे.

[दृश्य : बरीचं मैदान, गिग लेन. बंद फाटक.]

मग श्रीमंत मालक का नको? बरी या क्लबकडे पाहा. 1885 मध्ये स्थापन झालेला, दोनदा एफए कप जिंकलेला. खासगी मालकाच्या हातात देणी थकत गेली आणि ऑगस्ट 2019 मध्ये लीगने क्लबला हाकलून दिलं.

आणि दुसरी बाजू? पोर्ट्समथ 2013 मध्ये चाहत्यांनी वाचवला, कर्जातून बाहेर काढला, आणि 2017 मध्ये मतदान करून डिस्नेच्या माजी प्रमुखाला, मायकल आयस्नरला विकला. रेक्सहॅमच्या चाहत्यांनी 2011 मध्ये क्लब आपल्याकडे घेतला, आणि 2020 मध्ये मतदान करून दोन सिनेनटांच्या हवाली केला. रेक्सहॅममध्ये विक्रीच्या बाजूने 98 टक्क्यांहून जास्त मतं पडली. दोन्ही क्लब नंतर वर चढले. त्यांना दोष कसा द्यायचा? लोकांनी क्लब कंगाल असताना खांद्यावर घेतला आणि सुस्थितीत दुसऱ्याला दिला. एक्झेटर मात्र ट्रस्टकडेच राहिलं, आणि मध्ये एकदा खाली घसरून 2022 मध्ये पुन्हा लीग वनमध्ये येऊन स्वतःच्या खिशात हात घालणाऱ्या मालकांच्या क्लबांशी भिडलं. तिथे टिकून राहणं हीच त्यांची ट्रॉफी आहे, असं मी म्हणेन. बिग बँक या स्टँडवरचे प्रेक्षक कदाचित म्हणणार नाहीत.

[दृश्य : सामन्याची दुपार. बिग बँक, उभ्याने सामना पाहण्याचा स्टँड.]

जुलै 2025 मध्ये ब्रिटनमध्ये फुटबॉलसाठी स्वतंत्र नियामक नेमणारा कायदा झाला. क्लबांना परवाना लागेल, मालकाच्या पैशाचा उगम तपासला जाईल, आणि वरच्या-खालच्या लीगमध्ये पैशाच्या वाटपावर एकमत झालंच नाही, तर निर्णय द्यायचा अधिकारही नियामकाला आहे. तो अधिकार वापरला जाईल का, हे पुढे दिसेल.

तोवर हिशेब अकादमीवरच आहे. एखादा सतरा वर्षांचा पोरगा बगलेवरून दोघांना चकवून आत शिरतो. बिग बँकवर उभे असलेले त्याचे मालक ओरडून टाळ्या वाजवतात, आणि त्याच वेळी त्याचा भाव किती येईल, याचा अंदाजही मनात बांधून ठेवतात.